जॅझ गिटार: ग आणि नीच्या मागावर

५ जानेवारी २०२५

उद्दिष्ट लिहून ठेवतो. जूनअखेर एक बारा बारचा ब्लूज (बार म्हणजे इथे चार मात्रांचा तुकडा) आणि एक स्टँडर्ड, म्हणजे जॅझवाले सगळेच वाजवतात असं एखादं जुनं गाणं, दोन्हींची साथ न थांबता वाजवता आली पाहिजे. सोलो या प्रकल्पात नाही. मोह झालाच तर त्यासाठी वेगळी वही.

हाताशी काय आहे: सेकंडहँड सेमी-हॉलो गिटार, ०.०११ इंचाच्या तारा, छोटा अँप, टोनचं बटण निम्म्याच्या खाली. शाळेत असताना शिकलेली पेटी. आणि कॉलेजच्या गॅदरिंगपासून हातात बसलेले ओपन कॉर्ड, म्हणजे मोकळ्या तारा वापरणारे: जी, सी, डी, ई मायनर आणि घाम काढणारा एफ. एवढ्या भांडवलावर हिंदी-मराठी गाण्यांची साथ जन्मभर करता येते. जॅझचे मात्र चार बारसुद्धा निघत नाहीत. तिथे एकेका बारमध्ये दोन-दोन कॉर्ड बदलतात आणि साधा मेजर किंवा मायनर क्वचितच भेटतो; बहुतेकांच्या शेपटीला सातवा स्वर लटकलेला असतो.

कॉर्डच्या आकृत्यांचे तक्ते मिळतात, हवे तेवढे. ते पाठ करायचे नाहीत असं ठरवलंय. दोनशे आकार पाठ असलेली आणि तरीही ‘पुढचा कुठला’ विचारल्यावर गांगरणारी माणसं पाहिली आहेत.

८ जानेवारी

पेटीवर बसून सेव्हन्थ कॉर्ड उलगडले. कॉर्डचा मूळ स्वर सा धरला तर:

मेजर सेव्हन: सा, ग, प, नी. सगळे शुद्ध.
डॉमिनंट सेव्हन: सा, ग, प, कोमल नी.
मायनर सेव्हन: सा, कोमल ग, प, कोमल नी.

तिन्हींत प तोच. म्हणजे कॉर्ड कुठला हे सांगण्यात पचा काही वाटा नाही. गाळून टाकला तरी ओळख पुसली जात नाही. उरतात तीन स्वर: सा, ग, नी. यालाच गिटारवाले शेल म्हणतात. सा फक्त पत्ता सांगतो. स्वभाव ग आणि नी ठरवतात.

पेटीवाल्याला इथे एक गोष्ट पचायला जड जाते. आपल्याकडे तानपुरा लागला की सा हलत नाही. इथे कॉर्ड बदलला की सा बदलतो, आणि शिवाय अख्ख्या गाण्याचा एक वेगळा सा असतोच. वहीत गोंधळ नको म्हणून नियम: गाण्याच्या पट्टीबद्दल बोलताना सी, डी, जी अशी नावं, कॉर्डच्या पोटातल्या स्वरांना ग आणि नी.

१२ जानेवारी

आकार फक्त दोन घराण्यांचे: सा सहाव्या (सगळ्यात जाड) तारेवर, किंवा सा पाचव्या तारेवर. ग आणि नी कायम चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर. आकडे फ्रेटचे (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या, एक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर), सहाव्या तारेपासून पहिलीकडे. × म्हणजे न वाजणारी तार.

जी मेजर सेव्हन: ३ × ४ ४ × ×
जी सेव्हन: ३ × ३ ४ × ×
जी मायनर सेव्हन: ३ × ३ ३ × ×

सी मेजर सेव्हन: × ३ २ ४ × ×
सी सेव्हन: × ३ २ ३ × ×
सी मायनर सेव्हन: × ३ १ ३ × ×

झालं. हे सहा आकार पुढेमागे सरकवले की बाराही पट्ट्यांतले तिन्ही जातींचे कॉर्ड मिळतात. ओपन कॉर्डमध्ये ही सोय नव्हती; तिथे प्रत्येक पट्टीला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चाप, शोधत बसावं लागायचं.

१५ जानेवारी

न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवणं हे वाजणाऱ्या तारांपेक्षा अवघड आहे. सहाव्या तारेवर मधलं बोट ठेवलं की त्याचं टोक किंचित पुढे, पाचव्या तारेला नुसतं टेकलेलं हवं. दाबलेलं नाही, टेकलेलं. पहिल्या दोन तारांवर तर्जनीची आतली बाजू आडवी पडू द्यायची. बोटं ओपन कॉर्डसारखी ताठ, कमानदार ठेवली तर सगळ्या मोकळ्या तारा गुणगुणत राहतात आणि अँपमधून नुसता कालवा येतो. इथे बोट थोडं आळशी असलेलंच बरं.

२६ जानेवारी

सुट्टी, त्यामुळे सकाळ मिळाली. टू-फाइव्ह-वन घेतलं. जॅझमधला सगळ्यात घासलेला रस्ता हाच: पट्टीच्या दुसऱ्या स्वरावरचा मायनर सेव्हन, पाचव्यावरचा डॉमिनंट सेव्हन, मग घर. सी पट्टीत:

डी मायनर सेव्हन: × ५ ३ ५ × ×
जी सेव्हन: ३ × ३ ४ × ×
सी मेजर सेव्हन: × ३ २ ४ × ×

सा विसरून फक्त चौथी आणि तिसरी तार वाजवून पाहिली. चौथी तार: ३, ३, २. तिसरी तार: ५, ४, ४. प्रत्येक बदलात एकच बोट एकच फ्रेट खाली येतं, दुसरं जागचं हलत नाही.

आता कोण कोणाचं काय लागतं ते पाहू. चौथ्या तारेवरचा एफ हा डी मायनरचा कोमल ग. कॉर्ड बदलून जी सेव्हन झाला, एफ तिथेच बसून राहिला, पण आता तो जीचा कोमल नी झाला. मग अर्धा स्वर उतरून ई झाला, तो सीचा ग. तिसऱ्या तारेवरचा सी हा डी मायनरचा कोमल नी. तो उतरून बी झाला, जीचा ग. आणि हलल्याशिवायच सीचा शुद्ध नी झाला.

म्हणजे ग थांबून नी होतो, नी उतरून ग होतो. पुढच्या कॉर्डला पुन्हा तेच. तक्ते पाठ न करण्याचा निर्णय इथे वसूल झाला. हे कॉर्ड तीन वेगवेगळ्या वस्तू नाहीतच. दोन आवाज आळीपाळीने जिना उतरतायत आणि आपण मधूनमधून त्यांना नावं देतोय. तक्त्यात हे दिसणं शक्य नाही, कारण तक्त्यात प्रत्येक कॉर्ड आपापल्या चौकोनात एकटा उभा असतो.

२ फेब्रुवारी

हीच साखळी बाराही पट्ट्यांत, चौथ्या स्वराच्या चक्राने: सी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट, जी फ्लॅट, बी, ई, ए, डी, जी. फ्लॅटच्या (फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर खाली) पट्ट्यांत गिटारवाल्याचा चेहरा पडतो, कारण मोकळ्या तारा कामाला येत नाहीत. पण जॅझ वाढलं ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या तोंडून. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन बी फ्लॅटचे, आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा. त्यांना एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट सोयीचे. गिटारने जुळवून घ्यायचं.

९ फेब्रुवारी

लय. मेट्रोनोम ६० वर, पण त्याचा ठोका पहिल्या मात्रेवर धरायचा नाही; दुसऱ्या आणि चौथ्यावर धरायचा. म्हणजे प्रत्यक्ष लय १२०. टाळी-खालीत वाढलेल्या कानाला हे विचित्र वाटतं. आपल्याकडे सम म्हणजे सगळ्यांनी एकत्र येण्याची जागा. इथे समेवर यंत्र गप्प, ती आपण मनात धरायची. सुरुवातीला हात नकळत ठोक्यालाच सम मानून मोकळा होतो. उपाय: आधी गिटार बाजूला ठेवून नुसतं ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणायचं आणि दोन-चारवर चुटकी वाजवायची. पाय एक-तीनवर. ते बसलं की मगच कॉर्ड.

१६ फेब्रुवारी

फ्रेडी ग्रीन ऐकतोय. १९३७ पासून १९८७ मध्ये जाईपर्यंत काउंट बेसी या पियानोवाल्याच्या जॅझ बँडमध्ये गिटार, जवळपास सगळा काळ अँपशिवाय, आणि सोलो जवळजवळ नाहीच. चारही मात्रांवर एकेक आघात. एवढ्या पितळी वाद्यांच्या गर्दीत ती गिटार ऐकू येण्यापेक्षा जाणवतेच जास्त. तो आकार तीन तारांचे धरायचा, पण त्यातली बऱ्याचदा एक-दोनच तार खरी बोलायची, बाकीचा नुसता खटका.

खटक्याचं रहस्य डाव्या हातात आहे. उजवा हात तारांवरून गेल्याबरोबर डाव्या हाताचा दाब सैल करायचा. बोट तारेवरून उचलायचं नाही. तार फ्रेटवरून सुटते पण बोटाखालीच राहते, आणि आवाज तिथल्या तिथे मरतो. दोन आणि चारला सोडणं किंचित लवकर, एक आणि तीनला किंचित उशिरा. ‘चंक’ म्हणतात ते हेच. लिहायला तीन ओळी लागल्या, मनगटात उतरायला वेळ लागतोय.

२ मार्च

सरांकडे पहिला धडा. सर मूळचे गोव्याचे, हयात मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये आणि रेकॉर्डिंगमध्ये गेली. माझी टू-फाइव्ह-वनची सगळी चक्रं शांतपणे ऐकली आणि विचारलं, “बेस वाजवणारा असेल ना बाजूला?” म्हटलं, असेल कधीतरी. “मग तू त्याचं काम फुकट का करतो?” आणि सहाव्या-पाचव्या तारेवरची बोटं उचलायला लावली.

नंतर गप्पा. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकन जॅझ बँड मुंबईच्या ताज हॉटेलमध्ये वाजवायला आला तिथपासून सुरुवात. गोव्याच्या मुलांना चर्चच्या शाळेत नोटेशन लहानपणीच शिकवत, त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजवायला तयार. मुंबईच्या डान्स बँडमध्ये तीच मुलं आणि दिवसा स्टुडिओत हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातही तीच. चिक चॉकलेट म्हणजे अँटोनिओ झेवियर वाझ, ट्रम्पेटवाले, आपल्या सी. रामचंद्रांबरोबर होते. १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. आमच्या घरी अण्णांची, म्हणजे सी. रामचंद्रांची, गाणी मराठी माणसाचं कर्तृत्व म्हणून मोठ्या आवाजात लागायची. त्यात स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. पाय मात्र बरोबर दोन-चारवर हलायचे.

९ मार्च

सरांचा गृहपाठ: एफ पट्टीतला ब्लूज, फक्त दोन बोटांत. आजची नोंद मोठी होणार.

ब्लूजमधले तीन मुख्य कॉर्ड: एफ सेव्हन, बी फ्लॅट सेव्हन, सी सेव्हन. तिन्ही डॉमिनंट. चौथी आणि तिसरी तार, बाकी काही नाही:

एफ सेव्हन: चौथीवर ७, तिसरीवर ८.
बी फ्लॅट सेव्हन: ६ आणि ७.
सी सेव्हन: ८ आणि ९.

एकच तिरका आकार. घरी ७-८, एक फ्रेट खाली सरकलं की चौथ्या पायरीचा कॉर्ड, एक फ्रेट वर सरकलं की पाचव्या पायरीचा. ज्याला कॉर्ड येत नाहीत अशा माणसालासुद्धा ही जोडी दाखवली तर तो संध्याकाळपर्यंत ब्लूज वाजवेल.

कारण सोपं आहे. डॉमिनंट सेव्हनमध्ये ग आणि कोमल नी यांच्यात तीन पूर्ण स्वरांचं अंतर असतं, सप्तकाचा बरोबर मध्य. उलटं केलं तरी अंतर तेवढंच. त्यामुळे आकार न बदलता भूमिका बदलतात: एफ सेव्हनमध्ये ग चौथ्या तारेवर (ए) आणि नी तिसऱ्यावर (ई फ्लॅट), बी फ्लॅटमध्ये नी चौथ्यावर (ए फ्लॅट) आणि ग तिसऱ्यावर (डी). पुन्हा तेच, ग आणि नीची अदलाबदल. फरक इतकाच की या वेळी दोघं एकदम उतरले.

जॅझवाले ब्लूजचा शेवट जरा वळणाने घेतात. आठव्या बारला डी सेव्हन, नवव्याला जी मायनर सेव्हन, दहाव्याला सी सेव्हन, अकराव्याला घर. दोन तारांवर:

डी सेव्हन १०-११, जी मायनर सेव्हन ८-१०, सी सेव्हन ८-९, एफ सेव्हन ७-८.

तिसरी तार ११, १०, ९, ८. सरळ उतार. हे वाजवताना बेस वाजत नसतो, पण कानाला ऐकू येतो. फोनवर नुसती बेसची ओळ लावली आणि वर ही जोडी वाजवली, तर शेजारच्या खोलीतून विचारणा झाली की कुठलं रेकॉर्डिंग लावलंय.

१६ मार्च

रात्री अकरानंतर सोसायटीत पिकचा, म्हणजे तारा छेडायच्या चकतीचा, खडखडाट चालत नाही. जॅझ गिटारवाल्या वेस माँटगोमेरीची आठवण. इंडियानापोलिसमध्ये दिवसा कारखान्यात काम, रात्री रियाज, आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून पिक सोडून अंगठा, असं सांगतात. अंगठ्याच्या कडेने दोन तारा एकदम छेडल्या की आवाज गोल येतो, आणि मधल्या तारा चुकवायची कटकटच राहत नाही. रात्री अंगठा, दिवसा पिक. सोसायटीच्या सेक्रेटरींना वेस माहीत नसावा, पण परिणाम समाधानकारक.

३० मार्च

गुढीपाडवा. श्रीखंड-पुरी, झोप. गिटार केसमध्येच.

६ एप्रिल

स्टँडर्ड निवडलं: ‘ऑटम लीव्ह्ज’. मुळात फ्रेंच गाणं, चाल जोसेफ कोस्माची, १९४५ ची. नवशिक्यांना हेच देतात, याचं कारण पहिल्या आठ बारमध्येच मेजरकडे जाणारं आणि मायनरकडे जाणारं अशी दोन्ही टू-फाइव्ह-वन एका पाठोपाठ येतात:

ए मायनर सेव्हन, डी सेव्हन, जी मेजर सेव्हन, सी मेजर सेव्हन, एफ शार्प (शार्प म्हणजे अर्धा स्वर वर) मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह, बी सेव्हन, ई मायनर.

प्रत्येक पुढचा मूळ स्वर आधीच्याचा म. एकच अपवाद: सीवरून एफ शार्पला जाताना तीव्र म. तेवढी एक उडी मारली की गाडी मेजरच्या रुळावरून मायनरच्या रुळावर.

शेवटचा ई मायनर सेव्हन मोकळ्या तारांनी भागवला तर दोन तारांचा नकाशा असा:

चौथी: ५, ४, ४, २, २, १, ०
तिसरी: ५, ५, ४, ४, २, २, ०

एकदाही वर जायचं नाही. सात कॉर्ड, आणि हात नुसता नटकडे, म्हणजे दांडीच्या टोकाकडे, घरंगळत जातो. वहीतली ही दोन आकड्यांची ओळ मला कुठल्याही तक्त्यापेक्षा प्यारी आहे.

१३ एप्रिल

शेलची मर्यादा कळली. एफ शार्पचा तो लांबलचक नावाचा कॉर्ड: सा, कोमल ग, तीव्र म, कोमल नी. प नाहीच, त्याच्या जागी तीव्र म. पण शेलमध्ये तर आपण प गाळतो! मग साधा मायनर सेव्हन आणि हा, दोघे एकसारखेच दिसणार. इथे दुसरी तार उघडावी लागते: २ × २ २ १ ×. दुसऱ्या तारेवरचा सी म्हणजे तो तीव्र म. त्याच्याशिवाय पुढचं मायनर घर उदास वाटत नाही, नुसतंच वेगळं वाटतं.

२७ एप्रिल

दुसरी तार उघडलीच आहे तर तिथेही कोणाला तरी बसवू. सी पट्टीत:

डी मायनर नाइन: × ५ ३ ५ ५ ×
जी थर्टीन: ३ × ३ ४ ५ ×
सी मेजर नाइन: × ३ २ ४ ३ ×

दुसरी तार: ५, ५, ३. तिथला ई हा डीचा रे, मग न हलता जीचा ध, मग उतरून डी झाला तो सीचा रे. तिसरा प्रवासी, नियम तोच. नाइन, थर्टीन या आकड्यांची जी दहशत होती ती रे आणि ध म्हटल्यावर संपली. कॉर्ड एकदम महागड्या हॉटेलातल्यासारखे वाजायला लागले. सरांनी मात्र सावध केलं: “सगळीकडे मसाला टाकू नको. गाणाऱ्याला जागा ठेव.”

११ मे

ट्रायटोन सब्स्टिट्यूशन. नाव भारदस्त, काम एका बोटाचं.

जी सेव्हन: ३ × ३ ४ × ×
डी फ्लॅट सेव्हन: × ४ ३ ४ × ×

चौथी आणि तिसरी तार पाहा: दोन्हींत ३ आणि ४. जीचा नी तोच डी फ्लॅटचा ग, जीचा ग तोच डी फ्लॅटचा नी. ब्लूजच्या जोडीत जे दिसलं होतं तेच हे. म्हणून जीच्या जागी डी फ्लॅट चालतो, आणि बेसला डी, डी फ्लॅट, सी असा अर्ध्या-अर्ध्या स्वराचा उतार मिळतो.

‘ऑटम लीव्ह्ज’च्या शेवटच्या भागात हे कामी आलं. तिथे ई मायनर, ए सेव्हन, डी मायनर, जी सेव्हन आणि सी असं जायचं असतं. ए आणि जी बदलले की बेस ई, ई फ्लॅट, डी, डी फ्लॅट, सी: पाचव्या तारेवर ७, ६, ५, ४, ३. ऐकायला फार हुशारीचं वाटतं. हात नुसता घसरतोय हे प्रेक्षकांना सांगायची गरज नाही.

१ जून

मित्र बेस घेऊन आला. त्याने बेस धरल्याबरोबर सरांचं मार्चमधलं बोलणं लख्ख कळलं: खालच्या तारांवर मी जे जे वाजवलं ते त्याच्या पायात आलं. सा सोडला आणि दोघांनाही मोकळं वाटलं. ब्लूज चारी मात्रांवर चंक करत वाजवला, मग फ्रेडी ग्रीन सोडून मोकळी साथ: दोन आघात, मग गप्प, मग चौथ्या मात्रेनंतरच्या फटीत एक. गप्प राहण्याच्या जागा अजून ठरवून येतात, आपोआप येत नाहीत.

‘ऑटम लीव्ह्ज’ १०० च्या लयीत नीट. १४० ला शेवटच्या भागातली घसरण गडबडते. मित्र म्हणाला, “तिथे दोनच स्वर वाजव ना, मी उतरतोय की खाली.” तसं केल्यावर जमलं.

२२ जून

दोन्ही चिजा फोनवर रेकॉर्ड केल्या, न थांबता. उद्दिष्टाच्या दोन्ही ओळींपुढे बरोबरची खूण केली. ब्लूजमध्ये तिसऱ्या फेरीत बेसच्या पुढे पळतोय, ते ऐकताना कळतं. मेट्रोनोम पुन्हा दोन-चारवर.

पुढचं काम: ब्लूज बी फ्लॅटमध्ये. घर ६-७, खाली ५-६, वर ७-८. इथवर काही अडचण नाही. पण मित्राच्या ओळखीतला एक आल्टोवाला पुढच्या आठवड्यात येतोय आणि त्याने ई फ्लॅट सांगितलाय. घर ५-६ ला मांडलं तर खाली ४-५, आवाज जाड. ११-१२ ला मांडलं तर चकचकीत, पण सॅक्सच्या अंगावर जाईल. दोन्ही वाजवून पाहायचे, बहुधा ५-६.